वाचनालयाची घटना मराठीत आणताना: ‘टर्पिट्यूड’पाशी अडलेले अकरा आठवडे

आमचं वाचनालय तालुक्याच्या गावचं, ब वर्गातलं. घटना १९५७ सालची, इंग्रजीत टाइप केलेली, चौदा पानं, एक्केचाळीस कलमं. मुंबईत वकिली करून गावी परतलेल्या एका संस्थापकांनी ती एकहाती लिहिली. सभासदांपैकी ती पूर्ण वाचलेले तिघे असतील, त्यातले दोघे आता नाहीत. ऑगस्टच्या वार्षिक सभेआधी मराठी प्रत करायची, असं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी भाषांतराची कामं घेते. चाळीस कलमं तीन आठवड्यांत झाली. उरलेल्या एकाने, त्यातल्या ‘टर्पिट्यूड’ (वागण्यातला हीनपणा) या एका इंग्रजी शब्दापायी, पावसाळा खाल्ला. तुमच्याही संस्थेच्या कपाटात अशी इंग्रजी घटना पडून असेल तर या नोंदी उपयोगी पडतील, म्हणून जशाच्या तशा देते.

८ जून २०२५, रविवार

मूळ प्रत आमच्याकडे नाही. आहे ती कार्बन कॉपी, तीही बहुतेक तिसरी. कागद पापडासारखा. ग्रंथपालताईंनी आधीच बजावलं, झेरॉक्सच्या मशीनमध्ये घालायची नाही. मोबाइलने फोटो काढले, खिडकीपाशी, दुपारी. फोटोवरून अक्षरं ओळखणारं ॲप चालवलं, पण निम्मा मजकूर कचरा निघाला. शेवटी डोळ्यांनी वाचून हाताने टाइप करायचं ठरलं. इथे दोन दिवस गेले. कार्बन कॉपी असेल तर ॲपच्या नादी लागूच नका.

कलमं वाटून घेतली. १ ते १५ निवृत्त इंग्रजीचे सर, १६ ते ३० मी, उरलेली अण्णा. अण्णा जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते, वय एक्क्याऐंशी. कोर्टाची मराठी त्यांना पाठ आहे आणि आम्हाला ती कळत नाही, याचं त्यांना वाईट वाटत नाही.

११ जून

कलम १७: सभासदत्व रद्द करणे. कार्यकारी मंडळाने दोन तृतीयांश मतांनी एखाद्या सभासदाला अमुक गोष्टीबद्दल दोषी ठरवलं तर त्याचं नाव कमी करता येईल. ती अमुक गोष्ट एका शब्दात होती. मी वाचला ‘टॉर्पिट्यूड’. असा शब्द कधी पाहिला नव्हता, म्हणून कोश उघडला, तर शब्द निघाला. अर्थ: जडपणा, सुस्ती, हालचाल मंदावलेली अवस्था. लिहून टाकलं: ‘जो सभासद सुस्तपणाबद्दल दोषी आढळेल…’

जरा विचित्र वाटलं, नाही असं नाही. पण १९५७ सालची माणसं, स्वातंत्र्य नुकतं मिळालेलं, आळसाचा राग असेल, अशी मीच माझी समजूत घातली. कोशात सापडला म्हणजे बरोबर, हा जुना समज इथे नडला.

१५ जून, रविवार

तिघे बसलो. मी कलम १७ वाचून दाखवलं. अण्णा चष्मा काढून म्हणाले, “अगं, सुस्तपणाला काढायचं तर आपलं अर्धं मंडळ घरी जाईल. अध्यक्षांपासून.” अध्यक्ष नव्हते म्हणून बरं.

सरांच्या कलम ११ मध्ये (मंडळावर कोण येऊ शकत नाही) स्पष्ट अक्षरांत ‘मॉरल टर्पिट्यूड’ होतं आणि त्यांनी सरळ सरकारी प्रतिशब्द घातला होता: नैतिक अधःपतन. त्यांनी माझा फोटो मोठा करून पाहिला. टाइपरायटरचा यू शाईने भरून वरून मिटला होता, त्याचा ओ झाला होता. खात्रीसाठी १९६१ च्या इतिवृत्तात चिकटवलेला त्याच कलमाचा उतारा काढला. तिथे यू उघडा आहे. शब्द टर्पिट्यूड. एका अक्षराचं तोंड बंद झालं आणि नीचपणाचा आळस झाला.

शिकलेली गोष्ट: कार्बन कॉपीतला अनोळखी शब्द त्याच कागदात दुसरीकडे कुठे आलाय का, ते आधी शोधा, मग कोशाकडे जा. माझे चार दिवस.

पण खरी अडचण यानंतर सुरू झाली. कलम ११ मध्ये ‘मॉरल टर्पिट्यूड’ आहे आणि त्याला कोर्टाची शिक्षा झालेली असणं जोडलेलं आहे. कलम १७ मध्ये नुसतंच ‘टर्पिट्यूड’. मॉरल नाही, कोर्ट नाही, शिक्षा नाही. मंडळाला वाटलं की झालं. सर म्हणाले, दोन्हीकडे नैतिक अधःपतन घालू. अण्णा म्हणाले, लिहिणारा वकील होता, त्याने शब्द गाळला असेल तर मुद्दाम गाळला असेल. मी मधे. चहा झाला, निर्णय झाला नाही.

२२ जून, रविवार

आठवडाभर रात्री शब्दाच्याच मागे. जमवलेलं:

मूळ लॅटिन. तुर्पिस म्हणजे कुरूप, ओंगळ, घाण. त्यावरून तुर्पितूदो, म्हणजे तो कुरूपपणा, आधी रूपाचा आणि मग वागण्याचा. फ्रेंचमधून इंग्रजीत आला. इंग्रजीत आता तो एकटा फारसा फिरत नाही. भेटतो तो बहुतेक कायद्यात, मॉरलचा हात धरून. खरं तर टर्पिट्यूडमध्येच नीतीचा अर्थ आलेला आहे, वर मॉरल म्हणजे पुरणपोळीवर साखर.

एकटा वापरलेला शेक्सपिअरकडे सापडला, ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’च्या चौथ्या अंकात. एनोबार्बस हा अँटनीचा जुना सरदार. हरायची वेळ आली तशी धन्याला सोडून शत्रूच्या छावणीत जातो. अँटनी चिडत नाही, उलट त्याचं मागे राहिलेलं सगळं धन त्याच्यामागे पाठवून देतो. ते पाहिल्यावर एनोबार्बस स्वतःच्या कृत्याला हा शब्द लावतो. मला हे फार उपयोगी पडलं. इथे बाई नाही, बाटली नाही, कोर्टाची शिक्षा नाही. खाल्ल्या मिठाला न जागणं आहे, आणि ते किती घाणेरडं दिसतं हे करणाऱ्याला स्वतःलाच दिसलेलं आहे.

मराठी शब्दांची यादी केली. दुष्टपणा: यात दुसऱ्याला इजा करायची इच्छा येते, टर्पिट्यूडला ती लागत नाही. पाप: देवाचं खातं, वाचनालयाचं नव्हे. दुराचार: माझ्या मते चांगला शब्द, पण ग्रंथपालताईंनी एका वाक्यात उडवला. हिंदी बातम्यांमध्ये दुराचार म्हणजे बलात्कार, आणि हिंदी बातम्या गावात सगळे बघतात. नीतिभ्रष्टता: जोडाक्षरंच वाचकाला भ्रष्ट करतील. नीचपणा: अर्थ जवळचा, पण ‘नीच’ आपल्याकडे शतकानुशतकं जातीवरून फेकून मारलेला शब्द आहे, सार्वजनिक वाचनालयाच्या घटनेत मी तो लिहिणार नाही. यावर वाद झाला नाही, तिघांचंही एकमत.

ओंगळपणा: हा माझा लाडका. लॅटिनचा कुरूपपणा आणि वागण्यातली घाण, दोन्ही एका शब्दात. सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “छान आहे. पण उद्या आंघोळ न करता येणाऱ्या वाचकाला काढायची मागणी आली तर?” खोडला. अजून हळहळ वाटते.

२९ जून, रविवार

वाद मिटेना म्हणून चाचणी घेतली. सात प्रसंग एका कागदावर लिहिले आणि संध्याकाळी वर्तमानपत्रं वाचायला येणाऱ्या चौदा जणांना दिले. प्रश्न एकच: यातलं नैतिक अधःपतन कशात आहे, त्यापुढे टिक करा.

विवाहित माणूस दुसरीबरोबर राहायला गेला: १२ टिका. लेडीज बारमध्ये जातो: ११. दिवाळीत तीनपत्ती खेळताना पकडला: ९. विसर्जन मिरवणुकीत हाणामारी: ६. सभासद वर्गणीचे ३०० रुपये पावती न फाडता खिशात घातले: ५. नोकरीसाठी जन्मतारखेचा खोटा दाखला दिला: ४. हेल्मेट न घालता गाडी चालवली: ०.

मी कागद हातात घेऊन बसून राहिले. टर्पिट्यूडचा गाभा म्हणजे फसवणूक, विश्वासघात. तेच आमच्या वाचकांच्या यादीत तळाला. कारण अधःपतनात नाही, ‘नैतिक’मध्ये आहे. मराठीत ‘नैतिक’ आणि ‘चारित्र्य’ हे शब्द ऐकले की माणसाचं डोकं थेट शेजारच्या घराच्या खिडकीत जातं. ‘त्याचं चारित्र्य चांगलं नाही’ म्हणजे तो पैसे खातो, असा अर्थ कोणी घेतो का?

आणि अधःपतनाचीही वेगळी खोच आहे. त्यात पडणं आहे. आधी कुठेतरी उंच असलेला माणूस खाली आला. म्हणजे आपण कृत्याबद्दल बोलायचं सोडून माणसाच्या अख्ख्या आयुष्याबद्दल बोलायला लागतो. इंग्रजी शब्द तसा नाही. तो कृत्याकडे बोट दाखवतो: हे घाण आहे.

चाचणीतली चूक: मी प्रसंगांमध्ये ‘गुन्हा आहे’ आणि ‘गुन्हा नाही’ हे मिसळून टाकलं. परस्त्रीगमन हा २०१८ पासून गुन्हाच नाही, सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ रद्द केलं. कलम ११ पुरता तो प्रसंग यादीत यायलाच नको होता. अण्णांनी हे दोन मिनिटांत दाखवलं. मला आठवडाभर सुचलं नव्हतं.

६ जुलै, आषाढी एकादशी

वाचनालय बंद, तरी अण्णा आले. उपास, त्यात बोलायची हौस. म्हणाले, तू मराठीत शब्द नाही म्हणतेस, ज्ञानोबांनी काय मागितलंय बघ, ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. खळ मरो असं नाही म्हटलं, त्यांचा वाकडेपणा जावो. आणि लगेच पुढे दुरित. दुर् आणि इत, वाईटाकडे गेलेलं.

खरं सांगायचं तर ऐकताना अंगावर काटा आला. रोज म्हणतो आपण पसायदान, शाळेपासून. शके १२१२ ची ओवी, आणि त्यात वाईटपणाची दोन वेगळी चित्रं शेजारी शेजारी. एक वाकलेलं, एक भरकटलेलं. लॅटिनवाल्यांना तो कुरूप दिसला, सरकारी मराठीला पडलेला दिसला.

पण घटनेत ‘व्यंकटी’ घालता येत नाही. विचारून पाहिलं. अण्णाच म्हणाले, “व्यंकटी लिहिलंस तर लोक म्हणतील हा कोण, व्यंकटेश का?” दिवस कामाचा झाला नाही, पण वाया गेला असंही म्हणवत नाही.

१३ जुलै, रविवार

अण्णांच्या ओळखीच्या वकीलसाहेबांकडे तीन तास. फी घेतली नाही, साबुदाण्याची खिचडी मात्र आम्हालाच खावी लागली. टिपलेलं थोडक्यात:

एक. ‘मॉरल टर्पिट्यूड’ची व्याख्या आपल्या कोणत्याही मोठ्या फौजदारी कायद्यात नाही. जुन्या दंड संहितेत नव्हती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नाही. पण तो शब्द वापरणारे कायदे मुबलक: वकिलांचा १९६१ चा, ग्रॅच्युइटीचा १९७२ चा, आणि आमच्याशी थेट संबंध असलेला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. त्याच्या कलम ४१ड नुसार असा गुन्हा सिद्ध झालेल्या विश्वस्ताला काढता येतं. म्हणजे कलम ११ चं भाषांतर आम्ही मनाने बदलायचं नाही. सरकारी शब्द तिथे तसाच राहणार. हा वाद इथे संपला, आणि तो १५ जूनलाच संपला असता, वकिलाला आधी विचारलं असतं तर.

दोन. व्याख्या नाही म्हणून कोर्टांनी कसोट्या केल्या. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात तीन प्रश्न दिले, ते अजून वापरतात: या कृत्याने समाजाच्या सदसद्विवेकाला धक्का बसतो का, त्यामागचा हेतू हलका होता का, आणि ते केल्यामुळे माणूस समाजाच्या नजरेतून उतरतो का. अण्णा यातल्या मधल्या प्रश्नावर खूश. हेतू. मिरवणुकीतली हाणामारी आणि वर्गणीचे तीनशे रुपये यांत फरक पडतो तो तिथे.

तीन. हरियाणातल्या एका चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याची गोष्ट. अश्लील वर्तनाच्या कलम २९४ खाली गुन्हा कबूल केला, दंड वीस रुपये. तेवढ्यावरून नोकरी गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं, हा गुन्हा म्हणजे आपोआप नैतिक अधःपतन नव्हे. वीस रुपये वाचून मी वही बाजूला ठेवली. एका शब्दाचा अर्थ ढिला राहिला की काय होतं, ते वीस रुपयांत कळतं.

चार. याच फेब्रुवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ग्रॅच्युइटीचा. त्यात आपल्या एसटीचे कंडक्टर होते, प्रवाशांचे पैसे घेऊन तिकीट न दिलेले किंवा हिशेबात न दाखवलेले. प्रश्न असा की फौजदारी कोर्टात शिक्षा झालेली नसताना नोकरी देणाऱ्याने ‘हे नैतिक अधःपतन’ असं ठरवून ग्रॅच्युइटी अडवायची का? २०१८ मध्ये न्यायालय म्हणालं होतं, शिक्षा हवी. आता म्हणालं, त्या कायद्याला शिक्षा लागत नाही, खात्याच्या चौकशीत सिद्ध झालं तरी चालेल. पण कंडक्टरांची पूर्ण रक्कम नाही अडवू दिली, पंचवीस टक्केच. त्याच निकालात जन्मतारखेचा खोटा दाखला देऊन नोकरी मिळवलेल्याची मात्र पूर्ण गेली. आमच्या चाचणीत चार टिका पडलेला तो प्रसंग!

हे आमच्या कलम १७ सारखंच आहे. कोर्ट नाही, मंडळच ठरवणार. वकीलसाहेब म्हणाले, तुमचं कलम धोक्याचं आहे, कोणाशी भांडण झालं की मंडळ हा शब्द काढून मारेल. अमेरिकेतही हाच वाद झालाय. १८९१ च्या त्यांच्या स्थलांतर कायद्यात हा शब्द व्याख्येशिवाय घातला. १९५१ मध्ये दारूवरचा कर बुडवण्याच्या कटातल्या एकाला देशाबाहेर काढायचं प्रकरण त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात आलं. बहुमत म्हणालं, फसवणूक असेल तिथे टर्पिट्यूड असतंच. विरोधात गेलेले न्यायमूर्ती जॅक्सन म्हणाले, शब्द इतका धूसर आहे की त्यावर माणसाचं भवितव्य टांगता येत नाही.

निघताना दारात त्यांनी आणखी एक दाखवलं. काळ्या व्यवहारातली वसुली करायला कोर्टाचं दार उघडत नाही, हा जुना नियम वकील लॅटिनमध्ये म्हणतात, आणि त्यात ‘तुर्पी’ आहे. तोच शब्द. तिथेही विषय देण्याघेण्याचाच.

२० जुलै, रविवार

घाई केली आणि हात पोळले.

कलम ११ नक्की झालं, म्हणून सभेच्या नोटिशीसोबत द्यायच्या मसुद्याच्या साठ प्रती छापून घेतल्या. कलम १७ मध्ये तात्पुरतं ‘अधःपतन’ घातलं होतं, वर ‘विचाराधीन’ अशी टीप. संगणकावर शोधलं तेव्हा शब्द दोन ठिकाणी दिसला, दोन्हीकडे टीप टाकली. छापून आल्यावर ग्रंथपालताईंना तिसरा सापडला, अण्णांच्या एका कलमात, टिपेशिवाय, आणि ओळीच्या शेवटी तुटलेला: एका ओळीत ‘अध:’ आणि पुढच्या ओळीत ‘पतन’.

कारण शोधायला दोन तास लागले. अण्णांची कलमं बाजारातल्या टायपिस्टकडून जुन्या फाँटमध्ये करून आणली होती, मग युनिकोडमध्ये बदलली. त्या फेऱ्यात विसर्गाची जागा इंग्रजी अपूर्णविरामाने घेतली होती. दिसायला दोन्ही सारखेच, दोन ठिपके. संगणकाला मात्र ते वेगळे शब्द. म्हणून शोधात आला नाही, आणि अपूर्णविरामानंतर ओळ तोडायला त्याला मोकळीक मिळाली. अंतःकरण, दुःख, पुनःपुन्हा, निःपक्षपाती, सगळीकडे तेच. ‘निःपक्षपाती’ नऊ वेळा होता.

उपाय: आधी अपूर्णविराम शोधायचा, ज्याच्या मागेपुढे जागा न सोडता देवनागरी अक्षर असेल तो विसर्गाने बदलायचा, मग एकेक नजरेखालून घालायचा. एकदम सगळे बदलू नका. मी केले, तर वेळेतले अपूर्णविरामही विसर्ग झाले आणि ‘सायंकाळी ५ः३०’ असं छापायच्या बेतात होते. साठ प्रती रद्दीत. ७२० रुपये.

३ ऑगस्ट, रविवार

कलम १७ साठी आता दोन शब्द उरले होते. ‘अधमपणा’ आणि ‘लांच्छनास्पद वर्तन’. दुसरा सरांचा. वाचायला भारदस्त, पण लांच्छन म्हणजे डाग, आणि डाग कोणी लावलेलाही असू शकतो. बदनामी झाली म्हणून दोषी, असं वाचलं जाईल.

अधम माझ्याकडून नव्हे, ग्रंथपालताईंकडून आला. त्यांना उत्तम, मध्यम, अधम शाळेपासून पाठ. पडणं नाही, डाग नाही, शेजाऱ्याची खिडकी नाही, नुसती पायरी: सगळ्यात खालची. हिंदीच्या कायद्यातही ‘नैतिक अधमता’ म्हणतात, हे अण्णांनी नंतर सांगितलं, जरा नाराजीनेच, कारण ते त्यांना आधी सुचायला हवं होतं.

पुन्हा चाचणी. या वेळी प्रसंग पाच, आणि शब्दाखाली एक ओळ: ‘विश्वासाचा गैरफायदा घेऊन किंवा फसवून केलेले असे कृत्य, की ते उघड झाल्यावर करणाऱ्याला मान वर करता येऊ नये.’ पुन्हा चौदा जण. वर्गणीचे तीनशे रुपये: १३. खोटा दाखला: १२. हाणामारी: ३. तीनपत्ती: २. पुस्तकाची पानं फाडून नेणं: १४, हा प्रसंग ताईंच्या आग्रहावरून घातला होता.

प्रामाणिकपणे सांगते, ही चाचणी स्वच्छ नाही. चौदापैकी सहा जण जूनमध्येही होते, आणि खालची ओळच उत्तर देऊन बसते. शब्दाने काम केलं की ओळीने, ते यातून कळत नाही. माझा कौल ओळीला. एका काकांनी विचारलं, चेक वटला नाही तर तो अधमपणा का? ते वकिलाचं काम, म्हणून सोडवून घेतलं.

१० ऑगस्ट, रविवार

एक गोष्ट मला सरळ दिसत नव्हती, ती वकीलसाहेबांनी फोनवर सांगितली. भाषांतरात खालची ओळ घालायचा आम्हाला अधिकारच नाही. मूळात एक शब्द आहे, तर मराठीतही एकच. जास्तीची ओळ म्हणजे दुरुस्ती, आणि दुरुस्ती सर्वसाधारण सभेपुढे ठेवून, मंजूर करून, रीतसर धर्मादाय कार्यालयात द्यावी लागते. भाषांतर करताना कलम सुधारायचा मोह होतो. तो होणारच, कारण तोपर्यंत त्या कलमाशी एवढं भांडण झालेलं असतं.

म्हणून दोन कागद केले. एक, भाषांतर: कलम ११ ‘नैतिक अधःपतनाचा अंतर्भाव असलेला अपराध’, कलम १७ ‘अधमपणा’, आणि तळाशी टीप की अर्थाबद्दल वाद झाल्यास इंग्रजी प्रत प्रमाण. दोन, स्वतंत्र ठराव: कलम १७ मधला शब्द काढून त्या जागी निधीची अफरातफर, बनावट कागदपत्रं, ग्रंथांची चोरी किंवा नासधूस, आणि वाचक किंवा कर्मचाऱ्यांशी गैरवर्तन, एवढंच, आणि काढण्याआधी त्या सभासदाचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक.

म्हणजे अकरा आठवडे शोधलेला शब्द मीच खोडायचा ठराव मांडणार. सर हसले, मला नाही हसू आलं.

२४ ऑगस्ट, रविवार

सभा. गणपती तीन दिवसांवर, त्यामुळे लोक घाईत. हजर ४३. भाषांतर एका वाक्यात मंजूर, ‘अधमपणा’वर चकार शब्द नाही. ज्या शब्दासाठी जागले त्याच्यावरून सभा पंख्याच्या आवाजात पुढे गेली.

ठरावावर मात्र पाऊण तास. एक माजी सचिव म्हणाले, मोठा शब्द असू द्या, धाक राहतो. अण्णा उठले. उठायला त्यांना वेळ लागतो, तेवढ्यात हॉल शांत झाला. त्यांनी हरियाणातल्या त्या वीस रुपयांची गोष्ट सांगितली, निकालाचं वर्ष सांगितलं आणि बसले. मतं: बाजूने ३१, विरोधात ७, बाकीचे चहाला. ठरावाची कागदपत्रं या महिन्याअखेर कार्यालयात जातील. तोवर इंग्रजी कलम १७ आणि त्याचा मराठी अधमपणा दोन्ही लागू.

खर्च: फोटो आणि प्रिंट २१०, टायपिस्ट ६५०, रद्दीत गेलेल्या प्रती ७२०, दुसऱ्यांदा छपाई ७६०, वकीलसाहेबांकडे जाण्यायेण्याचा बस खर्च १८०. एकूण २,५२० रुपये, पैकी १,८०० वाचनालयाने दिले. कार्बन कॉपी आता बटर पेपरमध्ये, ताईंच्या कपाटात, आणि किल्ली त्या कोणाला देत नाहीत.